अर्ध्या बोटाचा नायक

शेंदूरजनाघाटात गजेंद्रच्या हातचा मार न खाल्लेला माणूस शोधायचा, तर पाळण्यातली पोरंच हाती लागतील. रोपांच्या भावात घासाघीस करणारं गिऱ्हाईक, पाण्याची पाळी चुकवणारा शेजारी, बहिणीकडे दुसऱ्यांदा पाहणारा एसटीचा कंडक्टर, सगळ्यांच्या खात्यावर काही ना काही जमा आहे. माणूस मनाचा वाईट नाही, असं गाव म्हणतं. म्हणताना गालावरून हात फिरवतं.

गजेंद्रची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. बाप नत्थुजी मात्र संत्र्याचे दलाल होते, जुन्या चालीचे. खांद्यावरचा दुपट्टा हातावर टाकायचा, त्याखाली गिऱ्हाइकाचा हात धरायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. भोवती माणसं उभी असायची. वर तोंडानं पाऊसपाण्याच्या गोष्टी चालायच्या आणि खाली बोटांत बागा विकल्या जायच्या. दुपट्ट्याखाली दिलेला शब्द फिरवायचा नाही, हा त्या धंद्यातला एकच कायदा, आणि त्याला पोलीस लागत नसत. वरूडच्या बाजारात एका व्यापाऱ्यानं शब्द फिरवला तेव्हा नत्थुजींनी त्याला ट्रकवरून खाली ओढलं. झटापटीत ट्रकचा फाळका पडला आणि नत्थुजींचं मधलं बोट अर्ध्यावर आलं. व्यापाऱ्याचे पुढचे दात गेले. बाजारानं ते बरोबरीत धरलं.

पुढे त्या अर्ध्या बोटाला जमतील अशा वेगळ्याच खुणा नत्थुजींनी बसवल्या आणि आपल्या दोनच लेकरांना शिकवल्या. मोठा गजेंद्र आणि धाकटी वर्षाली. आता नत्थुजी नाहीत, भाव फोनवर ठरतात, आणि त्या खुणा बहीणभावाच्या हातांत नुसत्याच पडून आहेत.

वर्षालीला प्रेमकथा सुचायच्या. कुठून सुचायच्या, हे पुढे फार लोकांनी फार जोरात विचारलं, म्हणून आधीच सांगून ठेवतो: कुठूनच नाही. गजेंद्रचा पहारा असलेल्या नर्सरीत प्रेम करायला जागा नव्हती. त्याचा विचार करायला भरपूर होती.

अमरावतीचा शेखर नावाचा लेखक फोनवरून प्रेमकथा शिकवायचा वर्ग चालवत असे. तिनं नाव घातलं. गजेंद्र गाडी घेऊन रोपं पोचवायला गेला की ती जंबेरी लिंबाच्या रोपांच्या ओळींत बसायची. कलमासाठी जंबेरीच्या खुंटावर संत्र्याच्या काडीचा डोळा बांधायचा, म्हणजे दोन्ही हात मातीत आणि कामात. लिहिणार कशानं? शेखर म्हणाला, "ताई, बोलून पाठवा. भावना महत्त्वाची. उतरवायचं आम्ही बघू." मग फोन उपड्या घमेल्यावर ठेवून ती बोलायची. एका हातात चाकू, दुसऱ्यात डोळ्याची काडी, आणि घमेल्यावर नायिका रडते आहे. पाठवून झालं की ती ते आपल्या फोनातून पुसून टाकायची, कारण दुकानदार गल्ला तपासतो तसा गजेंद्र रोज तिचा फोन तपासायचा. अशा रीतीनं अख्खी कादंबरी, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, जगात एकाच ठिकाणी राहिली: शेखरच्या फोनात. तिला ती जागा सगळ्यात सुरक्षित वाटली.

"जरा कच्ची आहे, ताई," शेखर म्हणाला. "पाहू." त्यानंतर वर्षभर काही नाही.

मग एका सकाळी धामणगाव रेल्वे या गावचा मनोज नावाचा शेतकरी रोपं न्यायला आला, आणि येताना बायकोचं पुस्तक घेऊन आला.

"गजेंद्रभाऊ, बायको वाचून राहिली हे. यात त तुमचीच नर्सरी हाय! दुपट्टा हाय, दलाल हाय. तुमी कई लिवलं?"

पुस्तकाचं नाव 'दुपट्ट्याखाली'. वर हनुवटीला हात लावलेला शेखर, आणि खाली ठळक अक्षरांत 'एका सच्च्या प्रेमाची कबुली'. गजेंद्रनं उभ्या उभ्या चाळलं. नायिकेच्या कोपरावर भाजल्याचा डाग होता. वर्षालीच्या कोपरावर तो पुरणाच्या कढईनं दिलेला. नायकाचं मधलं बोट अर्धं होतं. दोघं बाजारात, चारचौघांत, दुपट्ट्याखाली बोटांनी बोलत होते.

गजेंद्रनं हिशेब मांडला. खुणा आपल्या घरच्या. माहीत दोघांना. आपण कोणाला सांगितल्या नाहीत. म्हणजे हिनं सांगितल्या. आणि या खुणा दुरून शिकवता येत नाहीत, हात हातात घ्यावा लागतो.

वर्षाली नळावर हात धूत होती. त्यानं वेणी धरून तिला मागे ओढलं.

"कोन हाय हा शेखर?"

"कोनता शेखर?"

पहिली थप्पड त्या उत्तरावर पडली. दुसरी पडायच्या आधी त्यानं पुस्तक उघडून तिच्या नाकासमोर धरलं. "हा! हा शेखर! हात कई देल्ला त्याले? कुठीसा देल्ला?"

मार खाताना माणूस डोळे मिटतं. वर्षाली वाचत होती. तिची पहिली ओळ होती, तिचीच, बोलताना श्वास घेतला होता त्या जागेसकट. त्यावर नाव दुसऱ्याचं. तिचं डोकं नळाच्या कट्ट्यावर आपटलं, भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं, आणि तरी तिची नजर पानावरून हलेना.

"लिवलं म्या" असं तिला म्हणता आलं असतं. पण त्याच्या पुढचा प्रश्न तिला दिसत होता: मंग हात कोनाचा? त्याचं उत्तर या घरात चालणारं नव्हतं. ती गप्प राहिली. गजेंद्रनं गप्प राहणं कबुलीत जमा केलं.

आई कौशल्या उलथनं घेऊन धावत आली. "अरे मारू नको रे! तोंडावर त मारूच नको, मंगळवारी पावने येऊन राहिले पाहाले!"

रविवारी अमरावतीत शेखरचा सत्कार होता, हे पुस्तकाच्या प्रसिद्धीतूनच गजेंद्रला कळलं. त्यानं बहिणीला गाडीत रोपांशेजारी बसवलं. "चाल. वळखून दे मले त्याले." कलमाचा चाकू खिशात होता. तो लहान असतो, पण सालीत शिरण्यासाठीच घडवलेला असतो.

सभागृह भरलेलं होतं. बहुतेक बाया, हातात पुस्तक. शेखर मंचावर झेंडूच्या हारात. सही घ्यायला रांग लागली तेव्हा गजेंद्र रांग न लावता वर चढला. मागे वर्षाली, भुवईवर पट्टी.

"तूच का शेखर?"

"हो दादा, बोला. सही हवी का?"

"हात दाखव."

शेखरनं हसून हात पुढे केला. गजेंद्रनं तो उलटा केला, मधलं बोट अंगठ्यानं चोळून पाहिलं, सराफ सोनं पाहतो तसं.

"पुरं हाय."

"काय पुरं आहे?"

"बोट. पुस्तकात अर्धं हाय. वरून लिवलं, सच्ची कबुली. मंग बोट पुरं कसं?"

समोरच्या बाया हसल्या. त्यांना वाटलं, कार्यक्रमातच आहे.

"दादा, अहो, कल्पना असते ती..."

"दोघातलं एक झूट हाय," गजेंद्र म्हणाला. "पुस्तक त छापून झालं."

आणि त्यानं चाकू काढला. शेखरचं मनगट टेबलावर दाबलं, कोपरानं मान दाबली, गुच्छ खाली पडले. शेखरची खुर्ची उलटली. तो अर्धा लटकत होता आणि मंचावरची प्रमाण मराठी त्याच्या तोंडातून एका झटक्यात गळून पडली.

"मायं नाई! मायं नाई पुस्तक! एका बाईनं बोलून धाडलं व्हतं, म्या निस्तं उतरवलं! देवाशप्पथ मायं नाई!"

सगळं सभागृह ऐकत होतं. गजेंद्रनंही ऐकलं. पण गजेंद्रचे कान आणि हात यांचं कधी जमलेलं नाही. कानाला कळेपर्यंत हाताचं काम उरकलेलं असतं. वर्षालीनं झेप घालून पातं मुठीत धरलं. तिचा तळवा उभा फाटला, पण चाकू तोवर टेबलाला भिडला होता. शेखरच्या मधल्या बोटाचा वरचा भाग कातडीच्या एका दोऱ्यावर लोंबत होता. सह्यांसाठी रचलेल्या पुस्तकांची वरची थप्पी लाल झाली.

"कोनती बाई?" गजेंद्रनं विचारलं. जणू मधे काही घडलंच नव्हतं.

वर्षालीनं फाटलेला हात छातीशी धरला. आता लपवायला फारसं काही उरलं नव्हतं. "म्या. लिवलं म्या, भाऊ."

"म्हंजे हा नोयता?"

"नोयता."

"मंग कोन व्हता?"

"कोनी नोयता."

कोणी असता तर गजेंद्रनं त्याला शोधून मारलं असतं. कोणी नाही, याला कुठं मारायचं? त्यानं लोखंडी खुर्ची उचलली आणि समोर बहीण होती, तिच्याच खांद्यावर घातली. गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज पहिल्या रांगेला ऐकू गेला. मग पोलीस आले.

बोट जोडलं गेलं नाही. आणि इथं या गोष्टीनं अशी कूस बदलली, की मुरलेल्या व्यापाऱ्यानंही हात जोडावेत. शेखर इस्पितळातून बाहेर आला तो अर्ध्या मधल्या बोटाचा. पुस्तकातल्या नायकासारखा, हुबेहूब. त्यानं बोटावर काळ्या चामड्याची टोपी बसवून घेतली आणि फोटो काढला. जिथं अमरावतीतला प्रकार माहीत नव्हता, तिथं लोकांनी आपापला अर्थ लावला: बाई, हा तर खरंच तोच! पुस्तकाची दुसरी आवृत्ती आली. मंचावरची कबुली कोणी आठवण करून दिली की तो शांतपणे म्हणे, "मानेवर चाकू असताना ताजमहाल मी बांधला, असंही म्हणालो असतो." आणि वर्षालीबद्दल विचारलं तर, "बिचारीनं आपल्या आयुष्यातलं काही सांगितलं होतं. सांगणं वेगळं, लिहिणं वेगळं."

वर्षाली हात गळ्यात बांधून अमरावतीच्या एका वकीलबाईंकडे गेली.

"हक्क तुमचाच आहे," वकीलबाई म्हणाल्या. "रचलं त्याच क्षणी तुमचा झाला, नोंदणी केली नाही तरी. बोलून पाठवलंत म्हणून तो कमी होत नाही. पण रचलं तुम्ही, हे दाखवायला काय आहे?"

"पुसलं म्या."

"सगळं?"

"रोजचं रोज."

वकीलबाईंनी चष्मा काढून पुसला. "त्यांच्या फोनात असेल."

"थो काय ठेवते व्हय?"

गजेंद्र जामिनावर सुटला, आणि लगेच शेखरचा निरोप आला. वर्षालीनं कागदावर लिहून द्यावं: कथा शेखर यांचीच, मी फक्त आठवणी सांगितल्या. मग बोट कसं कापलं याची शेखरची साक्ष ढिली होईल. गर्दी होती, ढकलाढकली झाली, चाकू कोणाचा ते दिसलं नाही. नाहीतर गजेंद्र आत जाईल, आणि लवकर परत येणार नाही.

कौशल्यानं लेकीच्या पुढ्यात कागद ठेवला. "नर्सरी कोन पाहीन? मले कोन पाहीन? सही करून दे बाई. कथा तुले दुसरी सुचन. मले लेक दुसरा होईन का आता?"

"त्यानं मायं हाड मोडलं, माय."

"हाड जुळते."

गजेंद्र ओट्यावर बसून होता. अमरावतीनंतर बहीणभाऊ एकमेकांशी बोलले नव्हते. मारायचं थांबलं की गजेंद्रजवळ बोलायला विषय नसतो.

सही अकोल्यात व्हायची होती. तिथं एक वाचनालय चालवणाऱ्या गीतांजलीताईंनी नवख्या लेखिकांसाठी शिबिर ठेवलं होतं, आणि शेखर त्यात बोलणार होता. विषय: लेखिकेचे हक्क आणि ते कसे राखावेत. विषय त्यानं स्वतःच निवडला होता. वर्षालीनं जाताना पेन घरूनच घेतला. म्हणजे सही करायची तिनं ठरवली होती, असं धरायला हरकत नाही.

शेखर बोलला छान. "ताईंनो, तुमची कथा म्हणजे तुमचं लेकरू. ऊठसूट कोणाच्या हाती देऊ नका. आधी नोंदणी, तारीख, पुरावा. कोणाला दाखवायचीच तर एखाद्या विश्वासू मार्गदर्शकाला." विश्वासू म्हणताना त्यानं टोपीचं बोट छातीला लावलं. बायांनी वह्यांत उतरवून घेतलं. कडेच्या खुर्चीवर वर्षाली, मांडीवर कागद. दाराशी गजेंद्र आणि कौशल्या.

मग प्रश्न. सुंदराबाई नावाच्या एक वयस्क बाई उठल्या. निवृत्तीनंतर प्रेमकथा लिहायला लागल्या होत्या आणि भीड निवृत्तीआधीच सोडली होती.

"सर, मले एक सांगा. शेवटी ती त्याच्या तळव्यावर खूण करते अन् थो मुकाट उठून चालला जाते. काय खूण करते ती? पुस्तकात त कुठीच नाई."

सभागृहात कुजबुज झाली. सगळ्यांनाच ते छळत होतं. पुस्तकात ते नव्हतं, कारण वर्षालीनं ते बोलताना फोडून सांगितलंच नव्हतं. आपल्या बोटांत मुरलेली खूण ऐकणाऱ्याला उलगडून सांगावी लागते, हे दलालाच्या लेकीच्या ध्यानीही आलं नव्हतं.

शेखरनं डोळे मिटले. "आजवर मी ते कोणाला सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो. ती म्हणते, 'कायम तुझीच.'"

"मंग थो चालला कावून गेला?" सुंदराबाई म्हणाल्या.

हशा पिकला. "त्यागानं, ताई, त्यागानं," शेखर म्हणाला.

वर्षालीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पुस्तक द्यायला ती तयार झाली होती. नाव द्यायला तयार झाली होती. पण कादंबरीभर जिनं कोणाचं ऐकलं नाही, त्या पोरीला या माणसानं शेवटच्या पानावर असं बावळट करून टाकावं?

"नाई," ती उभी राहून म्हणाली.

"ताई, आपलं नंतर..."

"नाई. ती असं म्हनतच नाई. ती अशी बावळी नोय." ती गीतांजलीताईंकडे वळली. "काय म्हन्ते ते तुमच्या कानात सांगते. मंग मायल्या भावाले विचारा, ह्या खुना बाबानं आमा दोघालेच शिकवल्या. त्याचं मायं बोलनं नाई. त्यानं मले मारलं, हाड मोडलं, हे पाहा. सही करून दिली त थो सुटते. खरं सांगितलं त थो जेलात जाते. थो मायासाठी झूट काहून बोलन?"

तिनं गीतांजलीताईंच्या कानात सांगितलं. गीतांजलीताईंच्या भुवया वर गेल्या. "या हो भाऊ," त्या दाराकडे पाहून म्हणाल्या.

गजेंद्र मंचाकडे निघाला तशा बाया खुर्च्यांसकट मागे सरकल्या. शेखर टेबलाआड गेला. "हा गुन्हेगार आहे! केस आहे याच्यावर!"

"हाय," गजेंद्र म्हणाला. "चूप बैस."

वर्षालीनं त्याच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढून घेतला. तो बापाचाच होता. तिनं तो त्याच्या हातावर टाकला आणि आपला हात खाली घातला. ज्या हातानं भुवई फोडली, वेणी ओढली, खुर्ची उचलली, तो हात तिनं धरला. मग मधलं बोट मुडपून अर्धं केलं, अंगठा त्याच्या तळव्याच्या मुळाशी दाबला आणि ते अर्धं बोट मनगटाकडे ओढलं.

गजेंद्रचा चेहरा हलला. असा हात त्याच्या हातात बाप गेल्यापासून आला नव्हता.

"सांगा, गजेंद्रभाऊ," शेखर टेबलाआडून गोड आवाजात म्हणाला. "कायम तुझीच. हो ना? मग सही, मग सगळे आपापल्या घरी."

"म्हन बाबू!" दारातून कौशल्या ओरडली. "थो म्हन्ते तसं म्हन!"

एवढा सोपा सौदा गजेंद्रला जन्मात मिळाला नव्हता. दोन शब्द, आणि सुटका. तो थोडा वेळ दुपट्ट्याकडे पाहत राहिला.

"माय, याखाली झूट नाई बोलत आपन," तो म्हणाला. आणि सभागृहाला ऐकू जाईल असं: "सौदा मोडला. ती म्हन्ते, सौदा मोडला."

"हेच सांगितलं यांनी मला," गीतांजलीताई म्हणाल्या. "हेच शब्द."

मग सुंदराबाईंनी मांडीवर थाप मारली. "आता जमलं! म्हनून गेला थो!"

शेवटचं पान ज्यांनी ज्यांनी वाचलं होतं, त्या सगळ्यांच्या डोक्यात ते एकदमच जुळलं. त्यांनी शेखरकडे पाहिलं. वर्षालीनं मांडीवरचा कागद फाडला.

शेखर आयुष्यभर शब्दांवर जगला होता, आणि नेमका या वेळी त्याला एक सुचेना. त्यानं माईकचा लोखंडी दांडा उचलला आणि वर्षालीच्या त्याच खांद्यावर हाणला, जुळत आलेल्या हाडावर. ती किंचाळून कोसळली. त्यानं दुसऱ्यांदा दांडा उगारला.

गजेंद्रनं मूठ आवळली, पण त्याच्या आधी सुंदराबाई पोचल्या होत्या. त्यांनी जेवणाचा भरलेला डबा शेखरच्या कानशिलावर घातला. मग बाकीच्या आल्या. प्रेमावर लिहायला आलेल्या त्या बाया. कोणी प्लास्टिकची खुर्ची आणली, कोणी चप्पल, कोणी केस धरले. ज्यांच्या हाती काही नव्हतं त्यांच्या हाती पुस्तक होतं, आणि दुसऱ्या आवृत्तीची पुठ्ठ्याची बांधणी मजबूत निघाली. एकीनं विचारलं, "मायी कथा कुठी हाय रे? वर्ष झालं धाडून!" दुसरीनं विचारलं, "अन् मायी?" प्रत्येक प्रश्नाबरोबर एक पडत होती. शेखरचं नाक फुटलं, ओठ फाटला. टोपी निघून पडली आणि कोवळ्या खुंटावर कोणाची तरी टाच पडली. मग तोच सूर पुन्हा ऐकू आला, अमरावतीचाच: "मायं नाई! मायं नाई वो, सोडा!"

गजेंद्र हाताची घडी घालून उभा होता. मारामारीत त्याला काम नाही, असं प्रथमच घडत होतं. "पोटात नका मारू," तो एकदा म्हणाला, जाणकारासारखा. "मरन."

पोलिसांनी शेखरला उचलून नेलं आणि वर्षालीला इस्पितळात धाडलं. वकीलबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, मार खाताना दिलेली कबुली दोन्ही वेळा सारखीच बिनकामाची. पण खुणेचं बरं केलंत, ते मांडता येईल, आणि त्या बायांचीही नावं घेऊन ठेवा. शेखरची साक्ष आता ढिली होणार नव्हती. गजेंद्र आत जाणार, हेही ठरल्यातच होतं. कौशल्या दोघांनाही शिव्या देत चहा आणायला गेली.

खांद्याचा फोटो काढायला नंबर लागेपर्यंत बहीणभाऊ इस्पितळाच्या बाकावर बसून राहिले. मग गजेंद्रनं ठेवणीतला प्रश्न काढला, पण या वेळी हात न उचलता.

"मंग हात कोनाचा व्हता थो?"

"बाबाचा."

त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "बाबाचा?"

"हात बाबाचा. बाकी मानूस म्या बनवला. डोये, चाल, बोलनं, सगळं. असा कोनी नाईच, भाऊ. असता त तू जिता ठेवला असता का त्याले?"

गजेंद्रनं हे नीट तोलून पाहिलं. तोललं आणि त्याला त्यात खोट दिसली.

"बाबा मायाई बाप व्हता," तो म्हणाला. "हात वापरला त मले विचाराचं व्हतं."

वर्षालीला हसू आलं आणि हाड कळवळलं. तिनं खांदा धरून दात आवळले. "बाबाचा हात कोना एकट्याचा नाई. तुले पायजे त तू बी लिही."

"मले कुठी येते लिवता?"

"बोलून धाड. म्या उतरवून घेईन."

गजेंद्र सावध झाला. बहिणीकडे त्यानं असं पाहिलं, जसे नत्थुजी नव्या व्यापाऱ्याकडे पाहायचे.

"अन् वर नाव कोनाचं टाकशीन?" त्यानं विचारलं, आणि खांद्यावरचा दुपट्टा काढून तिच्यापुढं धरला.